मान वळवायची नाही

८ जानेवारी, गुरुवार

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे लेख मागितलाय. विषयही ठरवून दिलाय: 'खेळ, करिअर आणि स्त्री-पुरुष समानता'. "तू फुटबॉलची पंच झालीस ना, मग तुझ्याशिवाय कोण लिहिणार?" असं संपादक सर म्हणाले. दोन पानं लिहिली. 'आजची स्त्री कोणत्याही क्षेत्रात मागे नाही' इथून सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला मलाच जांभई आली. पानं फाडली. म्हणून ही वही. इथे कुणी टाळ्या वाजवणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

तर खरं असं. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेला आणि माझा खेळ सुटला. मैदान सुटेना, म्हणून शिट्टी धरली. पंचांच्या परीक्षेला एकतीस जण बसले होते, त्यात आम्ही तिघी. पळायची चाचणी सगळ्यांना एकच, तीत मी नववी आले. नियमांच्या पेपरात पहिली. हे लेखात लिहिलं असतं तर बढाई वाटली असती. इथे ती मारून घेते.

गणवेश मिळाला. तो पुरुषी मापातच येतो. सगळ्यात लहान मागितला तरी शर्टाचे खांदे कोपराशी आले. बाबा शिंपी. एका दुपारीत त्यांनी तो आत घेतला. आरशात अगदी छान बसला. मग मी हात वर करून शिट्टी मारून बघितली, तर काखेत टर्र.

"पण तू हात वर कशाला करतेस?" बाबा.

"बाबा, मी पंच आहे. दिवसभर तेच करायचंय."

त्यांनी सुईतला दोरा तोडला आणि शिवण उसवायला घेतली. "मी उभ्या बाईचं माप घेतलं," म्हणाले. "पळणाऱ्या बाईचं घ्यायला हवं होतं."

हे वाक्य मी लेखात घालणार होते. पण मग बाबांना अंक वाचायला द्यावा लागला असता.

१२ जानेवारी, सोमवार

आज जमीनमोजणीचं प्रात्यक्षिक. बेचाळीस जणांच्या वर्गात आम्ही दोघी मुली, दोन वेगळ्या गटांत. दोन्ही गटांत दुर्बीण मुलांकडे, पट्टी मुलांकडे आणि वही मुलीकडे. कारण काय, तर "मुलींचं अक्षर चांगलं असतं."

माझं अक्षर बघून डॉक्टरसुद्धा लाजेल. मी सरांना वही उघडून दाखवली. "सर, हे बघा आणि मग बोला." मुलं खोखो हसली. सर म्हणाले, "मग सुधार की."

दुसरी मुलगी निमूट आकडे लिहीत होती. मी तिला मनात मौनी म्हणते. दीड वर्षात तिचा आवाज मी दोनदा ऐकलाय, दोन्ही वेळा हजेरीला. अशा मुलींचा मला राग येतो. आम्ही भांडायचं आणि यांनी खाली मान घालून सुवाच्य लिहायचं. मग सरांना वाटणारच, की बघा, ही कशी गोड आणि ती कशी भांडकुदळ.

२५ जानेवारी, रविवार

शाळकरी मुलामुलींचे सहा सामने झाले होते. आज पहिल्यांदा पुरुषांचा सामना मिळाला, खालच्या गटातला का होईना.

कपडे बदलायला जागा नाही. पंचांची खोली एकच, तिथे तिघे पुरुष. मला सामानाची खोली उघडून दिली: जाळ्या, चुन्याची पोती, मोडका आकडेफलक. दाराला कडी नाही. पोस्टमनकाका दाराला पाठ लावून पेपर वाचत उभे राहिले, मी बाहेर येईपर्यंत.

पोस्टमनकाका म्हणजे सव्वीस वर्षं लाइनवर झेंडा घेऊन पळणारे पंच. आठवडाभर गावाची पत्रं वाटतात, रविवारी झेंडा. त्यांची नजर अशी, की दोन बोटांचा ऑफसाइड सुटत नाही. सगळ्या पंचांत मला 'पोरी' म्हणायचा हक्क त्यांनाच आहे असं मी ठरवलंय. आज माझी बॅगही त्यांनीच उचलली. नको म्हटलं तर, "असू दे, तू पळायचं काम कर."

खेळाडू सवयीने मला 'सर' म्हणतात, मग जीभ चावतात. "सर, तो ढकलतोय! मॅडम, म्हणजे... सर!" एकाने शेवटी नुसतं "अहो!" म्हटलं. ते मला सगळ्यात आवडलं.

एक मात्र लक्षात आलं. पूर्ण नव्वद मिनिटांत कुणी शिवी दिली नाही. माझ्या एका थ्रोच्या निर्णयावर कुणी हुज्जत घातली नाही आणि तो निर्णय चुकीचाच होता, मलाच नंतर कळलं. कर्णधार जाताना म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळे तोंड आवरावं लागतं. खेळ सपक होतो."

मी घरी येऊन आईला सांगितलं, "बघ, किती मान देतात."

आई म्हणाली, "बरंय की."

३ फेब्रुवारी, मंगळवार

मोठी बातमी! वरच्या गटाचा शेवटचा साखळी सामना, बस डेपो विरुद्ध कागद गिरणी, मी करणार. ज्या पंचाला तो दिला होता त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे. माझं नाव बाईंनी लावून धरलं.

बाई म्हणजे आमच्या भागातल्या पहिल्या महिला पंच. आता वयामुळे शिट्टी सुटली, पण समितीवर आहेत. बावीस वर्षं त्यांनी फक्त शाळांचे आणि मुलींचे सामने केले. पुरुषांच्या सामन्यासाठी त्यांना 'पुढच्या वर्षी नक्की' असं अकरा वर्षं सांगितलं गेलं. बाराव्या वर्षी त्यांनी विचारणं सोडलं.

आज त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी मला अंगणात उभं करून अर्धा तास नुसतं चालायला लावलं.

"मान का वळवतेस?"

"लाइनकडे बघते. झेंडा आहे का."

"झेंडा असेल तर डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. शिट्टी मारल्यावर मान वळवायची नाही. तू वळवलीस की गावाला कळतं, बाईला खात्री नाही, पुरुषाला विचारतेय. एकदा कळलं की संपलं."

"पण पुरुष पंचसुद्धा लाइनला विचारतात."

"विचारू देत. तो चुकला तर तो चुकतो. तू चुकलीस तर आपण सगळ्या चुकतो."

बाहेर पडताना अंगावर काटा आला होता. असं मला आधी कुणी का नाही सांगितलं?

९ फेब्रुवारी, सोमवार

सरांकडे सतत तगादा लावून आज दुर्बीण मिळवली. म्हणजे मिळाली ती अशी, की सगळा वर्ग भोवती गोळा. "चला, आज मॅडम वाचणार." घाईघाईत मी पट्टीवरचा आकडा एका मीटरने चुकीचा वाचला. एका मीटरने! माझ्या हिशेबाने कॉलेजचं फाटक हवेत तरंगायला लागलं. आठवडाभर पुरेल एवढं हसून झालं सगळ्यांचं.

मौनी हसली नाही. तिच्या गटाची दुर्बीण आज तिच्याच हातात होती. ते कसं काय, कुणास ठाऊक. कदाचित सरांना गोड मुली आवडतात.

१५ फेब्रुवारी, रविवार

झालं. पार पडलं. आणि मी डगमगले नाही.

हजारेक माणूस तरी असेल. गिरणीला काही फरक पडत नव्हता, पण डेपोला बरोबरी हवीच होती. हरले तर पुढच्या रविवारी आणखी एक सामना, आणि तोही हरले तर खालच्या गटात. वरच्या गटात आहेत म्हणून डेपो त्यांना सरावासाठी रोज दोन तास सुट्टी देतो. खालच्या गटाला कोण देणार? संघच मोडेल, असं सगळे म्हणत होते.

त्यांच्या बचावातल्या कर्णधाराला भिंत म्हणतात. चाळिशीचा बसड्रायव्हर. व्याकरणाला काय वाटायचं ते वाटो, मैदानावर 'भिंत आला, भिंत गेला' असंच चालतं. (मला सर म्हणतात तिथे हे काय मोठं.)

चौऱ्याऐंशी मिनिटं, एक-एक. गिरणीच्या उंच नऊ नंबरने जवळून फटका मारला. मी त्याच्याच मागे होते. भिंत गोलसमोर आडवा झाला, हात वर, आणि चेंडू वळून बाहेर. हात वर होता, चेंडू वळला, आणखी काय हवं? शिट्टी. पेनल्टी. हाताने नक्की होणारा गोल अडवला, म्हणून लाल कार्ड.

सगळं मैदान जे उसळलं! डेपोच्या प्रशिक्षकाने पाण्याची बाटली आपटली. भिंत मात्र उठून माझ्यासमोर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, छातीला लागला." बस, एवढंच. त्याच्या शर्टावर छातीपाशी गोल चिखल होता, पण चिखल तर आज सगळ्यांच्याच शर्टांवर होता. मी हात लांब करून बाहेरची वाट दाखवली. त्याने दंडावरची कर्णधाराची पट्टी काढली, दुसऱ्याच्या हातात दिली आणि गेला.

पोस्टमनकाकांचा झेंडा जरा हलल्यासारखा वाटला. वारा असावा. मी मान वळवली नाही. एकदाही नाही. बाईंनी शिकवलेलं अक्षरशः पाळलं.

गिरणी दोन-एकने जिंकली. समितीचे चिटणीस स्वतः येऊन म्हणाले, "काय खंबीर निर्णय! पुरुषाची छाती झाली नसती." बाई लांबूनच बघत होत्या. हसल्या. त्यांना हसताना मी आज पहिल्यांदा बघितलं.

पोस्टमनकाका बॅग घेऊन दाराशी उभे होते. काही बोलले नाहीत. दमले असतील, वय झालं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कालचं पान फाडावंसं वाटतंय. नाही फाडणार. राहू दे.

सकाळी दुकानात बाबांना काजं करून देत होते. पोस्टमनकाका टपाल घेऊन आले. मी आपली कालच्या धुंदीत. "काका, काल कसा झाला सामना?"

त्यांनी पत्रांचा गठ्ठा उगाच सारखा केला. "चांगला पळलीस."

"आणि ती पेनल्टी?"

"झालं ते झालं."

"म्हणजे?"

काका बाबांकडे बघत म्हणाले, "छातीला लागला, पोरी. माझ्यासमोरच."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग हातातली सुई खाली ठेवली. "मग झेंडा?"

"उचलला होता. अर्धा. खाली घेतला."

"का?"

"तू कार्ड काढून मोकळी झाली होतीस. म्हटलं, पोरीचा पहिला मोठा सामना, एवढा समाज बघतोय. बाईमाणसाला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं?"

"माझ्या जागी तो प्लास्टरवाला असता तर?"

"त्याला तर शर्टाला धरून खेचला असता," ते बोलून गेले.

बाबांचं मशीन थांबलं होतं.

"तू तरी कुठे बघितलंस माझ्याकडे?" काका जरा रागावून म्हणाले. "एकदा बघितलं असतंस तर मानेनं खुणावलं असतं. मी काय वैरी आहे तुझा?"

ते गेले. टपाल द्यायचं विसरले, म्हणून दोन मिनिटांनी परत आले, पत्र टेबलावर ठेवलं आणि पुन्हा गेले. दुसऱ्यांदा आम्ही एकमेकांकडे बघितलंच नाही.

दुपारभर मी त्यांच्यावर चिडून होते. दार राखतात, बॅग उचलतात, जपतात. आणि ज्या एका गोष्टीसाठी ते लाइनवर उभे असतात तेवढीच माझ्या बाबतीत करत नाहीत. शिवी देणाऱ्या माणसाशी भांडता येतं. मान देणाऱ्याशी कसं भांडायचं? त्या दिवशी ज्यांनी शिव्या दिल्या नाहीत, हुज्जत घातली नाही, त्यांचंही हेच होतं का?

पण चिडून चिडून शेवटी माझ्यापाशीच येऊन थांबते. कारण चेंडू लागताना मी पाहिलाच नव्हता. नऊ नंबरची पाठ मध्ये होती. मी पाहिला तो वर गेलेला हात आणि वळलेला चेंडू, मधलं मी जोडून घेतलं. शंका आली नव्हती असं नाही. आली होती, अर्धा क्षण. आणि त्या अर्ध्या क्षणात मी काय विचार केला? चेंडूचा नाही, भिंतीचा नाही. मी कशी दिसेन, याचा केला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नियमावली तीनदा वाचली. निकाल बदलत नाही. पण समितीच्या बैठकीआधी पंचाने लेखी कळवलं तर लाल कार्ड मागे घेता येतं. नाहीतर भिंत रविवारी बाहेर. बैठक उद्या. फोनवर कुणीतरी काढलेली एक क्लिप फिरतेय, तिच्यात नुसत्या पाठी दिसतात. म्हणजे मी गप्प बसले तर कुणाला काही कळणार नाही. मला, काकांना, आणि ज्याच्या छातीला लागला त्याला सोडून.

सकाळीच बाईंकडे गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"लिहू नकोस."

"बाई, तो रविवारी खेळू शकेल."

"एक सामना खेळेल तो. आणि तुझ्याबरोबर परीक्षा दिलेल्या, तुझ्यामागे थांबलेल्या त्या दोघी? त्यांचं काय? उद्या चिटणीस तुझा कागद फ्रेम करून लावतील कचेरीत. 'बघा, बाईने स्वतःच लिहून दिलंय.' मी अकरा वर्षं 'पुढच्या वर्षी' ऐकलंय गं. तुला एका रविवारी मिळालं ते माझ्या बावीस वर्षांचं आहे. ते तू तुझ्या मनाच्या शांतीसाठी वाटून टाकणार?"

त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. त्या अंगणात मला चालवत होत्या तेव्हा त्यांनी मला बावीस वर्षांची भीती शिकवली, आणि मी ती हिंमत समजून घेऊन आले.

आईचंही तेच. ती हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसते. "सतरा वर्षांपूर्वी मी एक फोन चुकीच्या वॉर्डात जोडला. मीच जाऊन सांगितलं. अजून नवीन माणूस आलं की त्याला तीच गोष्ट सांगतात. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी चुकीचा कागद पाठवला होता, तो कुणाच्या लक्षात आहे?" मग भांडी आवरता आवरता म्हणाली, "तरी सांगितलं ते बरंच केलं. त्या वॉर्डातला माणूस घाबरून बसला होता." मी विचारलं, मग मी काय करू? तर म्हणाली, "ते तू बघ. तू मोठी पंच."

कॉलेजात चित्त थाऱ्यावर नव्हतं. प्रात्यक्षिकाच्या मैदानावर कट्ट्यावर बसले होते, तर मौनी येऊन शेजारी बसली. मला म्हणाली, "तुझ्या गटाची वही दे ना, तपासायची आहे." मी पहिल्यांदाच तिला विचारलं, दुर्बीण तुला कशी मिळाली.

"लवकर येते. सात वाजता शिपाईकाका खोली उघडतात. तासभर कोणी नसतं. आता गटातली मुलंच म्हणतात, तू लाव, तुझी पटकन बसते."

दीड वर्ष! दीड वर्ष ती सात वाजता येतेय आणि मी तिला खाली मान घालणारी म्हणत होते.

"आणि कधी चुकत नाहीस?"

ती हसली. तिचं हसू मोठं आहे, आवाजापेक्षा. "रोज चुकते. म्हणून तर फिरून पहिल्या खुणेवर यायचं असतं ना, आकडा किती हललाय ते बघायला. तो फरक वहीत लिहायचा, मग पुढे. ज्याच्या वहीत फरक शून्य येतो त्याची वही सर दोनदा तपासतात. म्हणतात, हा आकडे घरी बसून जुळवून आलाय."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला फुटबॉलमध्ये पंच असतो एवढंच माहीत आहे. ती आपली वही तपासत होती.

तिथेच कट्ट्यावर बसून कागद लिहिला. 'चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला मी दिलेला निर्णय चुकीचा होता. चेंडू लागताना मला दिसला नव्हता. तो छातीला लागला. लाल कार्ड मागे घ्यावं.' काकांचा उल्लेख केला नाही. सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर डाग नाही, कशाला उगाच त्यांना ओढायचं? घडी घातली आणि मग डोक्यात प्रकाश पडला, की त्यांनी माझ्याबाबत केलं तेच मी त्यांच्याबाबत करतेय.

टपाल कचेरीत गेले. काका पत्रं लावत होते. कागद त्यांच्यापुढे धरला. "तुमचं नाव घालायचं की नाही हे मी ठरवणार नाही. तुम्ही ठरवा."

त्यांनी दोनदा वाचला. घडी घालून परत दिला. "आहे तसा दे तू," एवढंच म्हणाले आणि पत्रं लावायला लागले.

वाईट वाटलं. पण मग कागद समितीच्या कचेरीत टाकून आले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बैठक चारला होती. लांब टेबल, सात खुर्च्या, त्यात बाई एकट्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कडेला बाकावर मी, आणि माझ्यानंतर येऊन टोकाला बसलेले पोस्टमनकाका, कामाच्याच कपड्यात.

चिटणिसांनी कागद मोठ्याने वाचला. रविवारी खंबीर म्हणणारा तोच आवाज आता किती मऊ झाला होता! "प्रामाणिकपणाचं कौतुकच आहे हो. पण शेवटी एवढं दडपण... प्रत्येकाला झेपतंच असं नाही." मग सहज, कागदपत्र पूर्ण करायला म्हणून विचारलं, "लाइनवरच्या पंचांना काही दिसलं होतं का?"

काका उभे राहिले. "दिसलं होतं. छातीला लागला."

"मग सांगितलं का नाही?"

"बाई होती म्हणून."

कुणीतरी खाकरलं. चिटणीस हसले. "म्हणजे तुमचा चांगुलपणाच की."

"चांगुलपणाच म्हणा," काका म्हणाले. "त्यापायी एक माणूस बाहेर गेला, साहेब. पंचाला दिसलं नाही ही तिची चूक. मला दिसून मी झेंडा खाली घेतला. मोठी कुणाची ते तुम्ही ठरवा."

ते बसले. मला त्यांच्याकडे बघायचं होतं आणि मी मान वळवून सरळ बघितलं.

कार्ड मागे घेतलं, त्यावर वाद झालाच नाही. काकांना लेखी समज. मग माझी पाळी. "मोसम संपेपर्यंत मुलींचे सामने करू देत तिला. तिच्याच भल्यासाठी. जरा स्थिरावेल."

मी विचारलं, "मागच्या वर्षी एका पंचाने एकाच खेळाडूला दोन पिवळी कार्डं दाखवली आणि बाहेर काढायलाच विसरला. त्याला काय दिलं होतं?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

चिटणीस कागद चाळायला लागले. तेवढ्यात बाई, इतका वेळ हातांची घडी घालून बसलेल्या, म्हणाल्या, "मागच्या वर्षीचं रजिस्टर आणा."

"अहो बाई, कालच फोनवर तुम्ही म्हणत होतात की हा कागद मागे घ्यायला लावा..."

"मी काय म्हणत होते ते ती आणि मी बघून घेऊ. रजिस्टर आणा."

आणलं. बाईंनी चष्मा लावला, पान शोधलं, बोट ठेवलं. "एक सामना विश्रांती. तेच लिहा. कमी नको, जास्त नको."

दहा मिनिटं कुजबुज, फोन, पाणी. शेवटी चिटणिसांनी तेच लिहिलं. मी उठून बघितलं, नीट लिहिलंय का. एक सामना. तारीखही घालायला लावली.

जिन्यात बाई पुढे होत्या. वाटलं, बोलणार नाहीत. शेवटच्या पायरीवर थांबल्या. "मला अजूनही वाटतं तू लिहायला नको होतंस."

"हो, बाई."

"आता पुढचा सामना पाहायला सगळे येतील. चुकायची वाट बघत."

"हो."

"तर चूक खुशाल. पण पळत राहा." आणि त्या गेल्या. रिक्षा थांबवायला हात वर केला तेव्हा मी पाहिलं, त्यांचा हातसुद्धा अजून पंचासारखाच वर जातो, कोपर ताठ.

२२ फेब्रुवारी, रविवार

माझी विश्रांतीची तारीख आज होती. प्रेक्षकांत बसून डेपोचा सामना पाहिला. मौनीला घेऊन गेले होते. तिने पहिल्या वीस मिनिटांत ऑफसाइड समजून घेतला आणि मग लाइनवरच्या काकांचा झेंडा वर जायच्या आधीच ओरडायला लागली. तिला एवढा आवाज आहे!

भिंत खेळला. कर्णधाराची पट्टी पुन्हा त्याच्याच दंडावर. पूर्वार्धात त्याने दोन नक्की होणारे गोल अडवले आणि माझ्या मनात एक गोष्ट तयार व्हायला लागली: मी खरं सांगितलं, म्हणून तो खेळला, म्हणून डेपो वाचला. लेखाचा शेवट म्हणूनही शोभला असता.

एकाहत्तराव्या मिनिटाला त्याने स्वतःच्याच गोलरक्षकाकडे चेंडू मागे दिला. कमी जोराचा. समोरच्या पोराने मध्येच पळवला आणि गोल. एक-शून्य. तोच शेवट. डेपो खालच्या गटात गेला.

मला उठवेना. माणसं निघून गेली, मौनीही गेली. भिंत कठड्याला टेकून बुटांच्या नाड्या सोडत होता. मला बघून त्यानेच हाक मारली.

"मॅडम, आज बाहेर?"

"विश्रांती आहे. तुमच्या कार्डाची शिक्षा."

तो हसला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "चेंडू वेडावाकडा उसळला तुमच्या पायातून."

"छे हो. सरळच होता. पाय उशिरा टाकला मी." त्याने एक बूट काढून माती झटकली. "गेल्या रविवारी घरी गेलो तर बायको म्हणाली, तू हरला नाहीस, तुला पंचानं हरवलं. बरं वाटायला पाहिजे होतं ना? घास उतरला नाही. चार दिवस तेच. छातीला लागला, छातीला लागला." दुसरा बूट काढला. "आजची चूक माझी आहे. जाऊन जेवेन."

दोन्ही बूट नाड्यांनी एकमेकांना बांधले, खांद्यावर टाकले आणि अनवाणीच भराभर फाटकाकडे निघाला. त्याची साडेपाचची फेरी होती.